थ्री फेज आणि फेज थ्री

पुणे जिल्ह्याच्या मुळशी तालुक्यात, मुंबई-बंगळुरू महामार्गाच्या पश्चिमेला असलेल्या हिंजवडीत ‘फेज’ हा इंग्रजी शब्द आता काळाचा उरलेला नाही, तो जागेचा झाला आहे. महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाने, म्हणजे बोलीतल्या एमआयडीसीने, विसाव्या शतकाच्या अखेरीस येथे राजीव गांधी इन्फोटेक पार्कची उभारणी सुरू केली, काम टप्प्याटप्प्याने करायचे ठरवले आणि त्या टप्प्यांना क्रमांक दिले. पुढे दप्तरातला तो क्रमांक कंपन्यांच्या पत्त्यांवर, पीएमपीएमएलच्या बसपाट्यांवर, घरभाड्याच्या जाहिरातींत आणि वाकडच्या पुलाखाली प्रवासी भरणाऱ्या रिक्षावाल्यांच्या आरोळ्यांत गेला, आणि तेथून तो परत कागदावर आला तेव्हा गावाच्या नावासारखा पक्का झालेला होता.

शब्दाचे हे स्थलांतर व्याकरणात स्पष्ट दिसते. मराठीत गणना करायची असेल तर संख्या नामाच्या आधी येते, आणि विभक्तिप्रत्यय लागताना नामाचे सामान्यरूप होते, म्हणजे प्रत्यय घेण्यापूर्वी शब्द आपले रूप बदलतो: ‘दुसरा टप्पा’, ‘दुसऱ्या टप्प्यात’. हिंजवडीत मात्र संख्या मागून येते, तीही इंग्रजी, आणि प्रत्यय लागला तरी काही बदलत नाही: ‘फेज टूला उतरायचं’, ‘फेज थ्रीहून निघालो’, ‘फेज वनमध्ये पाणी साचलं’. ही वळणे ‘वाकडला’, ‘बाणेरहून’ यांच्या जातीची आहेत. ज्या प्रवाशाला फेज टूला उतरायचे असते त्याच्या मनात पहिला टप्पा पुरा झाला की नाही हा प्रश्न येत नाही; येण्याचे कारणही नाही, कारण त्याच्या लेखी क्रमांक हा क्रम नसून खूण आहे.

क्रम आणि खूण यांतले हे अंतर समजण्यासाठी शब्दाचे कूळ पाहावे लागते. ‘फेज’चे मूळ ग्रीक भाषेत असून त्याचा अर्थ ‘दिसणे’, ‘प्रकट होणे’ असा आहे. युरोपातल्या खगोलवेत्त्यांनी तो चंद्राच्या वाढत्या-घटत्या प्रकाशित भागासाठी लॅटिनमधून घेतला आणि सतराव्या शतकात तो इंग्रजीत रुळू लागला. १६१० च्या अखेरीस गॅलिलिओने दुर्बिणीतून शुक्रालाही चंद्रासारख्या कला असल्याचे पाहिले, आणि शुक्र पृथ्वीभोवती न फिरता सूर्याभोवती फिरतो या मताला त्यातून मोठे बळ मिळाले. ज्योतिर्विद्येच्या इतिहासात या शब्दाने केलेली ही सर्वांत मोठी कामगिरी म्हणता येईल. भारतीय परंपरेत त्याच कल्पनेला ‘कला’ म्हणतात, आणि तिचा जुना अर्थ सोळावा भाग असा असल्याने पूर्णचंद्र सोळा कलांचा ठरतो. मराठी पाठ्यपुस्तकांनी तरंगांच्या संदर्भात हाच शब्द पुढे नेला, म्हणून दोन लहरींच्या मागे-पुढे असण्याला ‘कलांतर’ हे नाव मिळाले. पदार्थाच्या घन, द्रव, वायू या रूपांसाठी मात्र परिभाषाकारांनी ‘प्रावस्था’ घडवला. हे दोन्ही शब्द परीक्षेच्या उत्तरपत्रिकेबाहेर फारसे पडले नाहीत. परिभाषेच्या समित्यांनी घडवलेला शब्द आणि वायरमनने उचललेला शब्द यांची गाठ पडली तर कोण टिकतो, हे ‘फेज’च्या उदाहरणात फार लवकर ठरून गेले.

चंद्राची कला हिंजवडीतून पूर्णपणे गेलेली आहे असेही नाही. हिंजवडी आणि वाकड या दोन गावांचे दैवत असलेल्या म्हातोबाची यात्रा चैत्र पौर्णिमेला, हनुमान जयंतीच्या दिवशी भरते, आणि त्या दिवशी देवाचे बगाड, म्हणजे नवसाच्या गळकऱ्याला वाहणारा उंच लाकडी गाडा, हिंजवडीहून वाकडला ओढत नेतात. कंपन्यांच्या दिनदर्शिका ज्या तारखांनी चालतात त्या तारखांशी या यात्रेचा संबंध नसतो. ती तिथीने येते, आणि तिथी म्हणजे सूर्य व चंद्र यांच्यातले बारा अंशांचे अंतर, म्हणजे ग्रीकांच्या मूळ अर्थाने एक फेजच. त्या दिवशी फेज वनची वाहतूक वळवावी लागते.

जागेला फेज म्हणण्याची पद्धत हिंजवडीने काढलेली नाही. दिल्लीतले मयूर विहार फेज वन, ओखल्याची औद्योगिक वसाहत, गुरुग्राममधले डीएलएफचे फेज आणि ज्या शहराचा पत्ताच फेजच्या क्रमांकाने सांगितला जातो ते पंजाबातले मोहाली, ही तिची थोरली भावंडे आहेत. महाराष्ट्रात चाकणची औद्योगिक वसाहतही फेजांत विभागलेली आहे, पण तेथे महाळुंगे, खराबवाडी, नाणेकरवाडी ही गावांची नावे कामगारांच्या बोलण्यात अजून टिकून आहेत. हिंजवडीत ती मागे पडली. तिसऱ्या फेजचा मोठा भाग माण गावाच्या शिवारात येतो, भोईरवाडी आणि बोडकेवाडी या वाड्या त्याच परिसरात आहेत. तरीही तेथे काम करणारा अभियंता आपण ‘हिंजवडी फेज थ्री’त आहोत असे सांगतो, आणि माण हे नाव त्याच्यापर्यंत पोहोचते ते बसच्या पाटीवरून. अशा रीतीने हिंजवडीचे नाव हिंजवडीच्या शिवेबाहेर कित्येक किलोमीटर पसरले आणि ज्या गावाची जमीन गेली त्याचे नाव पाटीच्या दुसऱ्या ओळीत गेले. एमआयडीसीच्या मराठी कागदपत्रांत ‘टप्पा क्रमांक’ असा शब्द असतो, आणि तो अधिक प्रामाणिक म्हटला पाहिजे, कारण टप्पा म्हटले की पुढचा टप्पा कधी आणि मागच्याचे काय झाले हे प्रश्न आपोआप उभे राहतात. रस्ते, सांडपाणी आणि सार्वजनिक वाहतूक यांची कामे मागे रेंगाळत असताना कार्यालये पुढे भरत गेली, हा हिंजवडीचा गेल्या पंचवीस वर्षांचा अनुभव आहे. आणि टप्प्याचा पत्ता झाला की टप्प्याचा हिशेब कोणी मागत नाही, ही त्या अनुभवाची भाषिक बाजू आहे.

राजकारणाच्या मराठीत ‘टप्पा’ अजून शाबूत आहे, हे येथे नोंदवण्यासारखे आहे. २०२४ च्या लोकसभा निवडणुकीत महाराष्ट्राचे मतदान पाच टप्प्यांत झाले आणि मराठी वर्तमानपत्रांना तेथे ‘फेज’ची गरज वाटली नाही. मुळशी तालुक्यातील गावे भोर विधानसभा क्षेत्रातून बारामती लोकसभा मतदारसंघात येत असल्याने हिंजवडीने ७ मे रोजी तिसऱ्या टप्प्यात मत दिले, तर पुलापलीकडचे वाकड मावळ मतदारसंघात असल्याने त्याची पाळी १३ मे रोजी चौथ्या टप्प्यात आली. तिन्ही फेजांनी तिसऱ्या टप्प्यात मतदान केले, हे वाक्य हिंजवडीबाहेर कोणालाही चुकीचे वाटेल.

पण शब्दांची अदलाबदल केली की खरा चमत्कार दिसतो. ‘फेज थ्री’ ही जागा आहे. ‘थ्री फेज’ ही वीज आहे. इंग्रजी न शिकलेला मुळशीतला शेतकरीही या दोहोंत कधी गोंधळत नाही, आणि महाराष्ट्राच्या खेड्यांत ‘फेज’ हा शब्द शहरांच्या कितीतरी आधी घरोघर झाला तो या दुसऱ्या अर्थानेच.

आपल्या घरात येणारी वीज प्रत्यावर्ती असते, म्हणजे तिची दिशा सेकंदाला पन्नास आवर्तने या गतीने उलटसुलट होत राहते. जनित्रात तीन वेटोळी अशी बसवलेली असतात की एकातला दाब शिखरावर असताना दुसरे आणि तिसरे एकतृतीयांश आवर्तनाने, म्हणजे १२० अंशांनी, मागे-पुढे असतात. या तीन प्रवाहांना तीन फेज म्हणतात, आणि येथे शब्दाचा अर्थ पुन्हा चंद्राजवळ येतो, कारण फेज म्हणजे आवर्तनातले त्या क्षणीचे स्थान. एका फेजमधून न्यूट्रलपर्यंत सुमारे २३० व्होल्ट मिळतात, त्यावर दिवे आणि पंखे चालतात. दोन फेजांमध्ये सुमारे ४०० व्होल्ट असतात आणि तिन्ही मिळून मोटारीच्या आत फिरते चुंबकीय क्षेत्र तयार करतात, ज्याच्यामागे मोटारीचा दांडा विनासायास फिरू लागतो. जर्मनीतील एईजी या कंपनीत काम करणारे मूळचे रशियातले अभियंते मिखाइल दोलिवो-दोब्रोव्होल्स्की यांनी ही पद्धत व्यवहारात आणली, आणि १८९१ मध्ये लाउफेनहून फ्रँकफुर्टच्या प्रदर्शनापर्यंत सुमारे १७५ किलोमीटर वीज वाहून नेऊन तिची उपयुक्तता जगाला दाखवण्यात आली.

त्यानंतर पंचवीस वर्षांच्या आत सह्याद्रीच्या पाण्यावर वीज तयार होऊ लागली. टाटांचे खोपोलीचे केंद्र १९१५ मध्ये सुरू झाले आणि मुंबईच्या गिरण्या त्यावर फिरू लागल्या. त्याच मालिकेतले पुढचे धरण मुळा नदीवर मुळशीला बांधायचे ठरले तेव्हा पन्नासच्या आसपास गावांची जमीन पाण्याखाली जाणार होती. १९२१ च्या रामनवमीला मुळशीचा सत्याग्रह सुरू झाला, पांडुरंग महादेव बापट त्यातून ‘सेनापती’ झाले, लढा तीन वर्षे चालला, धरण मात्र झाले, आणि १९२७ मध्ये भिऱ्याच्या केंद्रातून वीज मुंबईकडे गेली. विजेच्या फेजसाठी आणि पुढे संगणकाच्या फेजसाठी जमीन देणारा तालुका एकच, ही गोष्ट हिंजवडीवरच्या लेखनात सहसा येत नाही. दोन्ही वेळी मोबदल्याचे प्रश्न निराळे होते, विरोधाचे स्वरूप निराळे होते, आणि हिंजवडीच्या अनेक जमीनमालकांना नंतरच्या बाजारभावाने श्रीमंतही केले. तेव्हा दोहोंना एका मापाने मोजणे बरोबर होणार नाही. धरणातून सुटलेले पाणी मात्र आजही माण आणि वाकडच्या कडेने वाहते.

शेतावरच्या विजेची बोली या शब्दाभोवती विणलेली आहे. वायरमन तारांच्या रंगांवरून ‘आर फेज’, ‘वाय फेज’, ‘बी फेज’ म्हणतो. ही लाल, पिवळा, निळा यांची इंग्रजी आद्याक्षरे आहेत, पण ती उच्चारताना रंग कोणाच्या डोळ्यांपुढे नसतात. डीपीवर, म्हणजे रोहित्राच्या खांबावर, एखादा फ्यूज गेला की ‘एक फेज गेला’ असे म्हणतात, आणि येथे शब्द बहुधा पुल्लिंगी असतो. अशा वेळी मोटार चालू केली तर ती फिरत नाही, नुसती घुमते, उरलेल्या दोन तारांतून नेहमीपेक्षा जास्त प्रवाह ओढते आणि काही मिनिटांत तिचे वेटोळे जळून जाते. मग ती काढून तालुक्याच्या गावी रिवाइंडिंगला न्यावी लागते आणि पीक तोवर पाण्याची वाट पाहते. मोटार उलटी फिरू लागली तर मात्र उपाय सोपा असतो: स्टार्टरमधल्या तीनपैकी कोणत्याही दोन तारांची अदलाबदल करायची. फेजांचा क्रम उलटला की चुंबकीय क्षेत्र उलटे फिरते, हे तत्त्व ज्याने कधी पुस्तकात वाचलेले नाही तो शेतकरीही हातातल्या पक्कडीने ते सिद्ध करून दाखवतो. हिंजवडीच्या फेजांत क्रमाला किंमत उरलेली नाही. विजेच्या फेजांत क्रम हेच सर्वस्व आहे.

यातूनच ‘सिंगल फेज’ आणि ‘थ्री फेज’ ही दिवसाच्या वेळांची नावे झाली. विजेचा तुटवडा वाटून घेण्यासाठी शेतीला थ्री फेज पुरवठा ठरावीक तासच द्यायचा, साधारण आठ तास, आठवड्यातले काही दिवस दिवसा आणि काही दिवस रात्री, आणि उरलेल्या वेळी बऱ्याच भागांत घरांसाठी फक्त सिंगल फेज ठेवायचा, अशी व्यवस्था महाराष्ट्रात रुळली. ‘थ्री फेज आली का?’ हा प्रश्न म्हणजे पाणी धरायला जायचे का हा प्रश्न. आणि लक्षात घेण्याजोगे असे की येथे शब्द स्त्रीलिंगी झाला, कारण बोलणाऱ्याच्या मनात लाईट असते, तार नसते. सिंगल फेजवर कपॅसिटर जोडून तिसऱ्या फेजची नक्कल करण्याची युक्ती गावोगाव चालते, आणि तीत मोटारी व रोहित्रे दोन्ही जळतात. जुन्नर, आंबेगाव, शिरूर या बिबट्यांच्या तालुक्यांत रात्रीच्या पाण्यावर जाणे जिवावरचे असल्याने दिवसा थ्री फेज मिळावी ही मागणी वर्षानुवर्षे होत आली. २०१७ मध्ये सुरू झालेली आणि २०२३ मध्ये नव्याने विस्तारलेली मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना शेतीच्या वाहिन्यांना दिवसा सौर वीज देण्यासाठीच आहे. या मागणीच्या निवेदनांत ‘त्रिकला’ असा शब्द कोणी लिहीत नाही.

कंपन्यांच्या आत शब्द पुन्हा काळाकडे वळतो. संगणकप्रणाली तयार करण्याची जी रीत धबधबा पद्धत म्हणून ओळखली जाते तिच्यात गरजांची नोंद, आराखडा, लेखन, चाचणी आणि हस्तांतर अशा फेज एकामागून एक येतात, आणि पाणी धबधब्यावर चढत नाही तसे मागच्या फेजमध्ये परत जायचे नसते. १९७० मध्ये विन्स्टन रॉयस यांनी ही मांडणी केली असे सांगितले जाते; त्यांच्या निबंधात धबधबा हा शब्द नव्हता आणि एकाच दिशेने जाणारी पद्धत धोक्याची आहे असा इशारा मात्र होता, ही गोष्ट सांगणारे सोयीने विसरतात. २००१ च्या अॅजाइल जाहीरनाम्यानंतर लांबलचक फेजांऐवजी दोन-तीन आठवड्यांच्या ‘स्प्रिंट’ आल्या, पण फेज गेली नाही. परदेशातल्या ग्राहकाने ऐन वेळी काही नवे मागितले की ‘ते आपण फेज टूमध्ये घेऊ’ असे म्हणण्याचा प्रघात सर्वत्र आहे, आणि म्हणणारा व ऐकणारा या दोघांनाही त्याचा अर्थ ठाऊक असतो: ते होणार नाही. नकार न देता नकार देण्याची सोय मराठीत ‘बघू’ या एका क्रियापदाने पूर्वीपासून केलेली आहे, म्हणून हा वापर मराठी अभियंत्यांना शिकवावा लागला नसावा.

गृहबांधणीत हीच सोय महाग पडू लागली तेव्हा कायद्याला लक्ष घालावे लागले. हिंजवडी, माण, मारुंजी या परिसरातले मोठे गृहप्रकल्प फेजांत विकले जातात. पहिल्या फेजमधल्या ग्राहकाला जाहिरातीत तरणतलाव, क्लबहाउस आणि दुकाने दाखवली जातात आणि ती प्रत्यक्षात तिसऱ्या फेजच्या नकाशावर असतात. २०१६ च्या स्थावर संपदा कायद्याने, म्हणजे ‘रेरा’ने, टप्प्यांत विकसित होणाऱ्या प्रकल्पाचा प्रत्येक टप्पा स्वतंत्र प्रकल्प समजावा आणि विकासकाने प्रत्येकाची वेगळी नोंदणी करावी असे कलम ३ मध्ये सांगितले, आणि महाराष्ट्रात महारेरा या नियामक प्राधिकरणाचे काम १ मे २०१७ पासून सुरू झाले. प्रत्येक नोंदणीबरोबर पूर्णत्वाची तारीख जाहीर करावी लागते, त्यामुळे फेजला जबाबदारीसह व्याख्या मिळाली. शब्दकोशांना जे साधले नाही ते येथे कायद्याने साधले, असे म्हटल्यास अतिशयोक्ती होणार नाही. अर्थात स्वतंत्र नोंदणीची दुसरी बाजूही आहे: पुढची फेज कधी नोंदवायची हे विकासकाच्या हाती राहते, आणि तोवर क्लबहाउस कोणत्याही तारखेला बांधील नसते.

बाकीचे अर्थ थोडक्यात आटोपण्यासारखे आहेत. ऑगस्ट २०२० मध्ये सीरम इन्स्टिट्यूटच्या कोविशील्ड लशीच्या मानवी चाचण्या पुण्यात भारती रुग्णालयात सुरू झाल्या, देशभरात त्यांत १६०० स्वयंसेवक घ्यायचे होते, आणि दुसऱ्या-तिसऱ्या फेजची चाचणी म्हणजे काय हे त्या वर्षी मराठी घरांत भाजीच्या भावाइतके चर्चिले गेले: पहिल्या फेजमध्ये मोजक्या लोकांवर सुरक्षितता पाहायची, दुसरीत मात्रा आणि प्रतिसाद, तिसरीत हजारोंवर परिणाम. तरुणांच्या बोलण्यातली ‘वाईट फेज’ मानसशास्त्राच्या वाटेने इंग्रजीतून आली. तिचे लिंग नेहमी स्त्री, आणि ती नेहमी संपणारी असते. ‘साडेसाती’ या शब्दाने हे काम मराठीत चोख केले आहे, तिच्याही अडीच-अडीच वर्षांच्या तीन फेऱ्या असतात, आणि तीही एका ग्रहाच्या गतीवरच मोजली जाते.

फेज थ्रीच्या टोकाला, माणमध्ये, पुणे मेट्रोच्या तिसऱ्या मार्गिकेची सुरुवात होते. माण-हिंजवडी ते शिवाजीनगर न्यायालय अशी ही २३ किलोमीटरांची आणि २३ स्थानकांची मार्गिका पुणे महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाने, म्हणजे पीएमआरडीएने, टाटा-सीमेन्स समूहाबरोबर खासगी भागीदारीत हाती घेतली आणि तिचे भूमिपूजन डिसेंबर २०१८ मध्ये झाले. तिच्या स्थानकांच्या यादीत इन्फोसिस आणि विप्रो यांच्या नावांपुढे ‘फेज टू’ लिहिलेले आहे, म्हणजे एमआयडीसीचा तात्पुरता क्रमांक आता लोखंडी पाटीवर चढला. शहरातल्या पहिल्या दोन मार्गिकांना डोक्यावरच्या तारेतून २५ हजार व्होल्टची एकफेजी प्रत्यावर्ती वीज मिळते. या मार्गिकेच्या गाड्यांना ती रुळांशेजारच्या तिसऱ्या रुळातून, ७५० व्होल्टच्या एकदिश प्रवाहाच्या रूपात मिळते. एकदिश प्रवाहात आवर्तन नसते, म्हणून त्याला फेजही नसतो. महावितरणच्या किंवा महापारेषणच्या वाहिन्यांतून आलेले तीन फेज उपकेंद्रातल्या रेक्टिफायरमध्येच थांबतात.